समुद्र नसलेल्या जिल्ह्याचा किनारा

आजचा भाग थोडा वेगळा आहे. इतिहास आहेच, पण तो एका यादीच्या निमित्ताने आलाय. यादी कसली, तर पाहुण्यांना काय दाखवायचं याची.

माझा पुतण्या नॉर्वेत असतो, स्टाव्हांगरला. नॉर्वेच्या नैऋत्य किनाऱ्यावरचं हे गाव म्हणजे तिथल्या तेल उद्योगाची राजधानी. गेल्या वर्षी तो मागे लागला होता, "काका, एकदा या ना इकडे." सोबत एक लांबलचक यादीही पाठवली. प्रेकेस्टोलेन नावाच्या कड्यावर चढायचं, तो खालच्या फ्योर्डपासून ६०४ मीटर उंच आहे. बोटीने फ्योर्डमध्ये फिरायचं, जुन्या लाकडी घरांच्या गल्ल्यांतून हिंडायचं, मासे डबाबंद करण्याच्या कारखान्याचं संग्रहालय बघायचं. प्रत्येक ठिकाणापुढे दोन ओळी लिहिलेल्या, तिथली माणसं पूर्वी काय करायची, कशावर जगायची. यादी वाचूनच अर्धी सहल झाल्यासारखं वाटलं.

माझं काही जाणं झालं नाही. उलट तेच लोक डिसेंबरात इकडे यायचे ठरले, आणि पुतण्याने फोनवर विचारलं, "काका, आता तुमची यादी पाठवा. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तीन दिवसांत काय काय बघायचं? पोरीला नीट दाखवायचंय या वेळी."

ते "या वेळी" मला लागलं. कारण मागच्या वेळी मी काय केलं होतं, ते मला आठवत होतं. चार वर्षांपूर्वी ही मंडळी आली तेव्हा मी सगळ्यांना लोणारला नेलं. काठावर उभं केलं, "उल्का पडली, पन्नास हजार वर्षांपूर्वी, जगातलं एकमेव" एवढं सांगितलं, फोटो काढले आणि जेवायला हॉटेलात. पंधरा-वीस मिनिटांत लोणार आटोपलं. परत निघताना त्या पोरीने, तेव्हा ती सात वर्षांची असेल, मला विचारलं, "आजोबा, मग इथे माणसं काय करायची?" मला उत्तर देता आलं नाही. जन्म या जिल्ह्यात गेला, इतिहासाचा पॉडकास्ट चालवतो, आणि सात वर्षांच्या मुलीच्या प्रश्नाला गप्प बसलो.

म्हणून या वेळी यादी करताना तोच प्रश्न समोर ठेवला. इथे माणसं काय करायची? त्याचं उत्तर शोधता शोधता जे हाती लागलं, तो आजचा भाग.

आधी थोडं नॉर्वेबद्दल बोलतो, मग आपण लोणारला उतरू.

नॉर्वेचा किनारा जगला तो कॉड नावाच्या माशावर. उत्तरेकडे लोफोतेन बेटांवर हा मासा मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगून, थंड वाऱ्यावर वाळवतात. पण त्याचा दुसरा एक प्रकार आहे, मीठ लावून खडकांवर वाळवलेला मासा. क्रिस्तियान्सुंद या बंदरात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून हा धंदा वाढला आणि तो मासा स्पेन-पोर्तुगालपर्यंत जाऊ लागला. गंमत बघा, त्यासाठी लागणारं मीठ मात्र दक्षिणेकडच्या देशांतून जहाजाने यायचं. कारण नॉर्वेचं ऊन कोवळं. समुद्र दारात, पण पाणी आटवून मीठ करायला सूर्य पुरत नाही.

आता आपला जिल्हा. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. सूर्य मात्र इतका की नको म्हणावं. आणि आपल्याकडे खार आहे. लोणारच्या तळ्यात आहे, आणि जिल्ह्याच्या उत्तरेला पूर्णा नदीच्या खोऱ्यात जमिनीखालच्या पाण्यातही आहे. त्यांच्याकडे समुद्र होता आणि मीठ बाहेरून आणावं लागलं. आपल्याकडे समुद्र नाही, पण खाऱ्या पाण्याचा काठ आहे, आणि त्या काठावर माणसं शेकडो वर्षं राबली. आपण पर्यटकांना उल्का दाखवतो, हा काठ दाखवत नाही. माझी यादी या काठावरून केलेली आहे.

पहिला दिवस: आधी गाव, मग तळं

लोणारला गेलात की थेट विवराच्या कडेवर जाऊ नका. आधी गावात दैत्यसूदनाच्या देवळात जा. हे देऊळ चालुक्य-यादव काळातलं, काळ्या पाषाणातलं, ताऱ्यासारख्या कोनाकोनांच्या मांडणीचं. बाहेरच्या भिंतीवर इतकी शिल्पं आहेत की मान दुखेपर्यंत बघावं. मे महिन्याच्या मध्याला काही दिवस सूर्याची किरणं थेट आत मूर्तीवर पडतात. आम्ही डिसेंबरात गेलो, त्यामुळे ते काही दिसलं नाही. पण आत छताकडे बघायला विसरू नका, बॅटरी बरोबर ठेवा. तिथे लवणासुराच्या वधाची कथा कोरलेली आहे.

कथा आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. लवणासुर, कुणी लोणासुर म्हणतं, जमिनीखाली दडून बसायचा आणि वर येऊन लोकांना छळायचा. विष्णूने दैत्यसूदनाचं रूप घेतलं, पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळावरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. झाकण दूर जाऊन पडलं, खड्डा उघडा राहिला. त्यात जे पाणी साचलं ते त्या दैत्याचं रक्त, म्हणून ते असं.

लहानपणी मी ही गोष्ट नुसती गोष्ट म्हणून ऐकली. आता वाटतं, यात दोन गोष्टी नीट नोंदवलेल्या आहेत. एक, इथली जमीन कशाने तरी उघडली गेली आणि वरचा भाग दूर फेकला गेला. दुसरी, दैत्याचं नावच लवण, म्हणजे मीठ. ज्यांनी ही कथा रचली त्यांच्या डोळ्यांत भरलं होतं ते खारं पाणी. गावाच्या नावातही तेच आहे, लवणाचं लोण आणि त्यावरून लोणार.

देवळातून निघून विवराच्या कडेवर धारेपाशी जा. गोमुखातून बारमाही पडणारी ही गोड्या पाण्याची धार. लोक तिथे आंघोळ करतात, बाया कपडे घेऊन येतात, पोरं ओरडत पाण्याखाली उभी राहतात. आमच्या पाहुण्या पोरीला पहिलं आश्चर्य इथेच वाटलं. वर गोड पाणी आणि खाली खारं, आणि गोडं पाणी सारखं खाली जातंय, तरी खालचं गोड का होत नाही? उत्तर सोपं आहे. तळ्यातून बाहेर पडायला पाण्याला ओढा नाही, नदी नाही. पाणी फक्त उन्हाने उडून जातं आणि त्यातले क्षार मागे राहतात. वर्षानुवर्षं हेच चाललंय. मोठी कढई आणि वर सूर्य, एवढाच हा कारखाना.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आइन-ए-अकबरी' लिहिली. त्यात वऱ्हाडच्या सुभ्याचं वर्णन करताना मेहकर सरकारात लोणारची नोंद आहे. ती नोंद दोन गोष्टींवर बोट ठेवते. एक, हे मोठं पवित्र ठिकाण मानलं जातं. दोन, इथे काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो आणि त्यातून चांगला महसूल येतो. विवर कसं झालं याच्याशी मुघल दरबाराला देणंघेणं नव्हतं. त्यांना तळ्याची मिळकत दिसत होती.

खाली, काठावर

आता खाली उतरा. सकाळीच उतरा आणि माहीतगार वाटाड्या बरोबर घ्या. हे अभयारण्य आहे, २००० सालापासून. झाडी दाट आहे, मोर आहेत, माकडं आहेत, बिबट्याही आहे. विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. उतरताना बेसाल्टचे थर दिसतात, तेच काळे कातळ ज्यावर आपला बहुतेक महाराष्ट्र उभा आहे. खाली पाण्याभोवती जुनी देवळं विखुरलेली आहेत. काही ढासळलेली, काहींच्या खांबांना झाडांच्या मुळांनी मिठी मारलेली. काठावरची कमळजा देवी मात्र आजही जागती. नवरात्रात इथे मोठी गर्दी होते. तळ्याचं पाणी कधी देवळापासून लांब असतं, कधी थेट देवळाला येऊन भिडतं.

काठावर आल्यावर पोरांकडून एक गोष्ट नक्की करून घ्या. घरून निघताना कागदाच्या पट्ट्यांना ओली हळद चोळून त्या वाळवून ठेवा. तळ्याच्या पाण्याचा एक थेंब पट्टीवर टाका. पिवळी पट्टी पटकन लाल होते. हळदीला चुना लावला की ती लाल होते, हे आपल्या घरातल्या बायकांना शिकवावं लागत नाही. हा तोच प्रकार. तळ्याचं पाणी नुसतं खारट नाही, ते क्षारयुक्त आहे. त्यात खायचं मीठ आहे आणि त्याबरोबर धुण्याच्या सोड्याच्या जातीचे क्षार भरपूर आहेत. पापडखार ज्या कुळातला, त्याच कुळातला हा खार.

पट्टी लाल झाल्यावर मी पोरीला म्हणालो, "तू मागे विचारलं होतंस ना, इथे माणसं काय करायची? खार काढायची."

उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काठाच्या चिखलावर पांढरी साय धरायची. ती खरवडून, गोळा करून वाळवायची. काही माणसं पाण्यात उतरून तळाशी जमलेले खडे वर काढायची. त्या मालाच्या प्रती होत्या आणि प्रत्येक प्रतीला नाव होतं: डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. कुठलं कशासाठी, हे काढणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ठाऊक असायचं. साबणासाठी, काचेसाठी, बांगड्यांसाठी, कपडे धुवायला आणि रंगवायला हा खार जायचा. आपल्या आज्या-पणज्यांच्या हातातल्या काचेच्या काकणांमागे असा कुठला तरी खार असायचाच.

माझी आजी लोणारच्या बाजूची. लहानपणी तिच्याबरोबर खाली उतरलो होतो तेव्हा ती म्हणाली होती, "पोरा, थ्या पान्यात हात नको घालू, चामडी उलते." मला वाटलं ती दैत्याच्या रक्ताला भिते. आता वाटतं, तिने खार वेचणाऱ्यांचे हात बघितले असतील. दिवसदिवस अशा पाण्यात आणि चिखलात राबल्यावर हातापायांचं काय होत असेल, याचा अंदाज साबणाच्या पाण्यात तासभर कपडे धुणाऱ्या कुणालाही करता येईल. त्या माणसांची नावं कुठल्या कागदावर सापडत नाहीत. महसूल किती, हे लिहायला कारकून होता. हात कुणाचे सोलले, हे लिहायला कुणी नव्हतं.

आज मात्र तिथून काहीही उचलू नका. ना खार, ना खडा. तो काळ संपला आणि हे आता राखीव क्षेत्र आहे.

दगडांची भांडणं, आणि माझी एक दुरुस्ती

आता उल्केकडे येऊ. तीही गोष्ट मजेदार आहे.

१८२३ साली जे. ई. अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षं बहुतेक अभ्यासक म्हणत राहिले की हा ज्वालामुखीचा प्रकार आहे. बेसाल्ट म्हणजे लाव्हाचाच दगड, तेव्हा असं वाटणं साहजिक होतं. १८९६ मध्ये ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा मोठा अमेरिकन भूवैज्ञानिक ॲरिझोनातल्या एका विवराचा विचार करत होता. उल्केने झालं की जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाने? त्याने वाफेच्या बाजूने कौल दिला आणि तसाच नमुना म्हणून आपल्या लोणारकडे बोट दाखवलं. पुढे दोन्ही विवरं उल्केचीच निघाली. एका मोठ्या माणसाची एक चूक, आणि दोन खंडांवरचे दोन खड्डे तिचे साक्षीदार.

१९१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि क्रिस्टी यांनी लोणारवर लेख लिहिला. त्यातही पाण्यातल्या क्षारांचा हिशेब महत्त्वाचा होता. मग १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांचा निबंध आला. विवराच्या तळात छिद्रं पाडून आणलेल्या दगडांत त्यांना मास्केलिनाइट सापडलं. प्रचंड आघाताने खनिजाची काच झाली की ते तयार होतं. ज्वालामुखीला ते जमत नाही. वाद मिटला.

चंद्रावरचे काळे डाग हेही बेसाल्टच. म्हणून चंद्रावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला येतात. पण "जगातलं एकमेव" हे मात्र आपण सोडून द्यायला हवं. ब्राझीलमध्येही बेसाल्टवर झालेली आघात-विवरं आहेत. आपलं विवर फार नीट टिकलेलं आहे, एवढं म्हटलं तरी त्याचा मान कमी होत नाही.

आणि आता दुरुस्ती. मी स्वतः या पॉडकास्टवर एकदा ५० हजार वर्षं म्हणालो होतो. तो आकडा जुन्या मोजणीतला आहे. नंतरच्या दशकांत आर्गॉन पद्धतीने वय काढलं तेव्हा ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. म्हणजे मी दहापटीहून जास्त चुकलो होतो. क्षमस्व. शाळेत, फलकांवर, गाइडच्या तोंडी अजून ५० हजारच ऐकू येतं, तर तिथे भांडू नका, पण घरी पोरांना नवा आकडा सांगा.

पुतण्याला मी यावरून एक टोला मारला. त्याच्या यादीत एक ठिकाण नव्हतंच. स्टाव्हांगर ज्या रोगालँड भागात येतं, तिथेच फ्योर्डांच्या मागे डोंगरात रिटलँड नावाचं आघात-विवर आहे. ५० कोटी वर्षांपूर्वीचं किंवा त्याहूनही जुनं, व्यास अडीच किलोमीटरहून थोडा जास्त. ते उल्केचं आहे हे याच शतकात सिद्ध झालं. "तू तिथे इतकी वर्षं राहतोस आणि तुझ्या दारातलं लोणार तुला ठाऊक नाही," मी म्हणालो. तो हसून म्हणाला, "काका, तुम्हाला तरी तुमचं कुठं ठाऊक होतं?" खरं होतं ते.

दुसरा दिवस: गोड पाणी आणि सत्ता

लोणारहून सिंदखेडराजा साधारण दीड तासावर. आता जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो, नागपूर किंवा मुंबईकडून येणाऱ्यांना मेहकर आणि सिंदखेडराजा दोन्हीकडे उतरता येतं. पण आम्ही आतल्या रस्त्याने गेलो, कारण मला मध्ये साखरखेर्डा दाखवायचं होतं.

खाऱ्या तळ्यानंतर साखरखेर्डा, म्हणून पोरगी हसली. गाव साधंच आहे. पण ११ ऑक्टोबर १७२४ रोजी इथे एक लढाई झाली. निजामउल्मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला, मुबारिजखान मारला गेला, आणि दख्खनमध्ये निजामाच्या घराण्याचं राज्य खऱ्या अर्थाने सुरू झालं. गावाला फत्तेखेर्डा असंही नाव पडलं. हैदराबादच्या पुढच्या सव्वादोनशे वर्षांची सुरुवात आपल्या जिल्ह्यातल्या एका शेतात झाली. लोणारच्या खाराचं उत्पन्न कुणाच्या तिजोरीत जाणार, हेही त्यात ठरलं. मग १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि तिजोरी बदलली. काठावरची माणसं तीच राहिली.

सिंदखेडराजा म्हणजे आपल्या सगळ्यांचं माहेर. १२ जानेवारी १५९८ ला इथे जिजाऊंचा जन्म झाला. दर १२ जानेवारीला लाखोंची गर्दी असते. शांतपणे बघायचं असेल तर तो दिवस टाळा, आणि एकदा तरी ती गर्दी अनुभवायची असेल तर मुद्दाम त्याच दिवशी जा. लखुजीराव जाधवांचा वाडा, रंगमहाल, काळाकोट, नीलकंठेश्वर, आणि लखुजीरावांची भव्य समाधी. १६२९ मध्ये निजामशाहाने त्यांना देवगिरीच्या किल्ल्यावर दरबारात बोलावून मुलांसह आणि नातवासह मारलं. समाधीच्या घुमटाखाली उभं राहिलं की आवाज घुमतो. पोरं तिथे आरडाओरडा करू बघतात, त्यांना आधी ही हकीकत सांगा, आपोआप शांत होतात.

पण माझ्या यादीत सिंदखेडराजा आहे ते आणखी एका कारणासाठी. मोती तलाव, चांदणी तलाव आणि पुतळा बारव. मोती तलावाचा दगडी बांध नीट बघा. चांदणी तलावात मधोमध मजल्यांची इमारत आहे. पाणी अडवून, साठवून, त्याच्या काठाला बसायची सोय करणाऱ्या माणसांची ही कामं. निसर्गाने जिथे तळं दिलं तिथलं पाणी पिण्याजोगं नाही, आणि जिथे पाणी नव्हतं तिथे माणसाने गोडं तळं केलं. आपल्या जिल्ह्यात सत्ता कुणाची हे तलवारीइतकंच अशा बांधांनीही ठरत आलंय. ज्याच्याकडे पाणी, त्याच्याकडे वस्ती आणि बाजार.

तिसरा दिवस: जमिनीखालचा समुद्र

तिसऱ्या दिवशी आम्ही घाट उतरून शेगावला गेलो. गजानन महाराजांचं दर्शन घेतलं, महाप्रसाद घेतला. तिथली शिस्त आणि स्वच्छता मी वेगळी सांगायला नको. पण शेगावहून लगेच परत फिरू नका. पूर्णेच्या दिशेने, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे गाडी काढा. हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला. काळी, खोल, सुपीक माती, आणि तिच्याखाली खारं पाणी. विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. पीक पावसावर, आणि प्यायच्या पाण्यासाठी पिढ्यानपिढ्या वणवण. पर्यटक म्हणून बघायला इथे काही "पॉइंट" नाही. चहाच्या टपरीवर थांबा आणि कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारा की लहानपणी पाणी कुठून आणायचे. तो तुम्हाला तासभर सोडणार नाही.

या पट्ट्यातलं एक नाव लक्षात ठेवा, अकोला जिल्ह्यातलं दहीहंडा. १९३० च्या एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. विदर्भाला समुद्र नाही, मग मिठाचा कायदा मोडायचा कुठे? १३ एप्रिलला विदर्भातले सत्याग्रही दहीहंड्याला जमले आणि तिथल्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार केलं. ज्या पाण्याने पिढ्यांचे हाल केले, त्याच पाण्याने एक दिवस साम्राज्याचा कायदा मोडला. दांडीचा किनारा आपल्या पुस्तकात असतो. आपला किनारा जमिनीखाली होता, म्हणून तो दिसला नाही.

जाता जाता

२०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, ते तुम्हाला आठवत असेल. टाळेबंदीत सगळे घरी बसले होते आणि फोनवर एकच फोटो फिरत होता. पाणी कमी झालं, खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या अतिसूक्ष्म जिवांनी तो रंग दिला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत निघालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर यादीत गेलं, नांदूरमध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं दुसरं पाणथळ. म्हणजे जगाने त्याला पाणथळ म्हणून मान दिला. आपण अजून त्याला खड्डाच म्हणतो. काठावर प्लास्टिकच्या बाटल्या आहेत, गावाच्या सांडपाण्याची तक्रार जुनीच आहे. या तळ्याला बाहेर जायला वाट नाही, हे विसरू नका. आपण त्यात जे टाकू ते तिथेच राहणार, खारासारखं.

पाहुणे जानेवारीत परत गेले. निघताना पोरीने हळदीच्या उरलेल्या पट्ट्या मागून घेतल्या. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. फ्योर्डच्या पाण्यात पट्टी बुडवून बघितली म्हणे. "आजोबा, पिवळीच राहिली. थोडीशी मळकी झाली फक्त. आमचं पाणी तुमच्याएवढं कडक नाही."

मग तिने आणखी एक प्रश्न विचारला. "ज्यांनी तो खार काढला, त्यांना पैसे किती मिळायचे?"

पुन्हा मला उत्तर देता आलं नाही. पण या वेळी लाज वाटली नाही, कारण हा प्रश्न मागच्यापेक्षा चांगला होता. मी शोधतोय. तुमच्यापैकी कुणाच्या घरात लोणारच्या खाराची आठवण असेल, कुणाची आजी तो वापरत असेल, कुणाचे पणजोबा तो काढत असतील, तर मला जरूर कळवा. डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी ही नावं ज्यांच्या तोंडी होती, त्यांच्यावर एक अख्खा भाग करायचाय.

भेटू पुढच्या भागात. आणि लोणारला गेलात तर हळद घेऊन जा, बरं का.